बद्रीनाथच्या हौदावरची सावली

दुष्काळात चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत टँकर आठवड्यानं यायचा. तरी शेजारच्या बद्रीनाथच्या बागेतल्या हौदात तळाचे खडे दिसायचे. एवढं नितळ पाणी म्हणजे हा टँकरचं चोरून सारखं बदलत असणार! गल्लीनं ठरवलं, हौद मातीनं बुजवायचा. त्याचे जिवापाड जपलेले मासे त्यातच होते.

मी म्हटलं, आधी बघून येते.

"बद्री, नवं पाणी कुठून आणतो रं?"

"नाय आणत, आजी. उन्हानं शेवाळ धरतं, म्हून सावली केली."

पाणी खरंच हातभर आटलेलं होतं. वर कापड ताणलेलं. नीट पाहिलं, तर वाळत घातलेल्या दोरीवरून नाहीसं झालेलं माझंच लुगडं!

"बद्री!"

"मासे मरत होते, आजी."

गल्लीला सांगितलं, पाणी चोरलेलं नाय. लुगड्याचं कुणी विचारलं नाय.