तीनला बारा कमी

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सेलूच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला, आणि मी लय शहाणा झालो. जिनिंगच्या ऑफिसात टाकून दिलेलं यंत्र, पण मिजास माझी.

त्यावर चार कामं एकदम चालल्यासारखी दिसायची. खरं तर एका वेळी एकच चाले. ते आपणहून बाजूला झालं, की दुसऱ्याची पाळी. दुसरीही एक जात होती यंत्रांची, त्यात वेळ झाली की यंत्रच कामाच्या हातून पाळी हिसकावून घेई. मी अप्पांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "हिसकावायचं कशाला? ज्याच्या हातात हाय त्यानंच द्यावं."

अप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या शिवनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एक जण तासभर गळ्यात घेऊन उभा राहतो, नाव घेतो, पुढचा आला की त्याच्या हातात देतो. दिल्याशिवाय कुणी घेत नाही. अप्पांचं हृदय अधू झालेलं, डॉक्टरांनी तासाच्या वर उभं राहू नका म्हणून बजावलेलं. तरी दोन ते तीनचा पहारा त्यांनी मागून घेतला. त्यांच्यानंतरचे शेजारचे काका. त्यांना मी म्हणलो, "तुमी निवांत पडा, काका. कॉम्प्युटर बेल देतो, मी उठवतो."

दुपारी पुढच्या पहाऱ्यांची यादी लावायला मी माझा प्रोग्राम सुरू केला. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात तीनला बारा कमी होते. मंदिराच्या भोंग्यातून वीणेची तार ऐकू येत होती. मी कागद चाळत बसलो. मान वर केली, तीनला बारा कमी. पाणी पिऊन आलो, तीनला बारा कमी. मला काहीच वाटलं नाही, याची आजही शिसारी येते.

बायको दारात आली. "चार वाजत आले, चहा ठेवू का?"

"येड लागलं का? अजून तीन बी न्हाई वाजले."

ती फरशीवरच्या उन्हाकडं बघत राहिली. ऊन उंबऱ्यापासून पार पलंगाखाली गेलं होतं. मग माझ्या ध्यानात आलं, की भोंग्यातून नुसती तारच येतेय. नाव घेणारा आवाज नाही. किती वेळ नव्हता, कुणास ठाऊक. मधेमधे बाजूला हो, असं सांगणारी ओळ मी प्रोग्रामात टाकलीच नव्हती. तो अडून बसला होता, आणि घड्याळही, बेलही त्याच्यामागं ताटकळत होती.

मी अनवाणी पळालो. मंदिरात एक म्हातारी खांबाला टेकून झोपलेली. अप्पा उभे होते. डोळे उघडे, ओठ हलत होते, आवाज नव्हता. नजर दाराकडं, पण मी दारात आलेला त्यांना दिसलो नाही. बोट तेवढं तारेवर चाललं होतं, एका लयीत. मी हाक मारली. परत मारली. मला भीती वाटली, माझ्या बापाची. मी पुढं झालो आणि वीणा त्यांच्या गळ्यातून ओढून काढली.

ते माझ्या अंगावर कोसळले. अर्धांगवायू, डॉक्टर म्हणाले. वाचा गेली. पण उजव्या हाताचं बोट चादरीवर हलत राहिलं. जेवताना, झोपेत, दिवस न् रात्र. तीच लय. त्या खोलीत बसवत नसे. बायकोनं हात धरून ठेवला, तर तिच्या मुठीत हलायचं.

अकराव्या दिवशी दुपारी मी आंघोळ केली, भस्म लावलं, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढं केले.

"अप्पा, उशीर झाला माझा. द्या आता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हात चादरीवरून थोडा उचलला, माझ्या ओंजळीत ठेवला. बोट थांबलं. श्वास संध्याकाळपर्यंत चालला.