गवती चहाचं तेल

भिसेगावात आमच्या शेजारचे काका परसातल्या गवती चहाचं तेल घरीच काढतात. कुकरची शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली आहे. ती थंड पाण्याच्या बादलीतून फिरून बाटलीत उतरते. "म्हंजे कसं," असं म्हणून ते समजावायला लागतात, पण नळीतून थेंब पडू लागले की बोलणं अर्ध्यावर सोडतात.

काकूंना आता माणसं ओळखू येत नाहीत. तो गवती चहा त्यांनीच लावलेला. वासाने काहीतरी आठवेल, एवढ्याच आशेवर काका दर रविवारी कुकर चढवतात.

परवा मी तिथेच होते. काकांनी रुमालावर दोन थेंब टाकून तो काकूंच्या नाकाशी धरला. त्यांचा चेहरा उजळला.

"गवती चहा," त्या म्हणाल्या. "आमच्या परसात हाय."

काका पुढे झुकले. "आनि मी कोन गं?"

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पदर सावरला. "तुमी नंतर या, भाऊ. आमचे हे घरी नायत."

"बरं, वैनी," काका म्हणाले. मग चपला घालून बाहेर पायरीवर जाऊन बसले.