मरेपर्यंत कापलेली

आमच्या राईस मिलच्या पटांगणात उकडलेलं धान वाळत घातलं की ते मशीनमध्ये कधी टाकायचं, हे एक मावशी ठरवायची. चार दाणे तोंडात टाकायची, दाताखाली कटकन फोडायची आणि म्हणायची, "नाही जी, आखीन दोन घंटे." ओलं टाकलं तरी तांदळाचा चुरा, फार वाळलं तरी चुरा. सेठजीसुद्धा तिच्या दातांपुढे काही बोलत नसत.

मी त्याच मिलच्या ऑफिसात कारकून. गोरेगावकडच्या आमच्या गावातून रोज बसने गोंदियाला यायची. हजेरी, पगार आणि पटांगणातल्या बायकांच्या फंडाचे कागद माझ्याकडे होते. त्या मला बाई म्हणायच्या, आणि बाई सांगेल ती पूर्व दिशा. याची मला घमेंडही होती, खोटं कशाला बोलू?

पन्नाशी उलटली तसे मावशीचे गुडघे गेले आणि तिने काम सोडलं. फंडाची पेन्शन पूर्ण मिळते अठ्ठावन्नाव्या वर्षी. काम सोडलेल्याला पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण कापून. जितकी वर्षं आधी, तितकी कात्री. मावशीने विचारलं, "कापलेली कधीपर्यंत, बाई?" मी मान वर न करता सांगून टाकलं, "अठ्ठावन्नपर्यंत. मग पूर्ण सुरू होते." मला तसंच वाटत होतं. कोणाला विचारून घ्यावं असं मनातही आलं नाही. तिने अंगठा लावला.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ती नवं लुगडं नेसून, बताशांची पुडी घेऊन ऑफिसात आली. बँकेचं पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पाहा जी, आता पूर्ण झाली असन." आकडा जुनाच होता. मी फंडाच्या ऑफिसात फोन लावला. तिकडच्या माणसाने समजावून सांगितलं की एकदा कापून घेतली की ती मरेपर्यंत कापलेलीच, नियम पहिल्यापासून हाच आहे. मी ते मावशीला सांगितलं. ती "असू दे" म्हणाली आणि बताशे टेबलावर ठेवून निघून गेली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते बताशे मी कोणाला वाटले नाहीत, खाल्लेही नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात माझीच पाळी आली. मिलचं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि सेठजींनी हात जोडून मला निरोप दिला. मी चोपन्न वर्षांची. मुलगा दवनीवाड्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो रविवारी घरी आला तेव्हा फॉर्म काढूनच आला.

"आई, घेऊन टाक पेन्शन. हातचं सोडून पळत्याच्या मागं कायले लागतं?"

"तू मले विचारून राहिला का सांगून राहिला?"

"तसं नाही व. चार वर्सांत तुले काही झालं तं?"

"तं तुह्या बाबाले भेटन अर्धी. तुले काऊन टेन्शन?"

पोरगं वाईट मनाचं नाही. घर तोच सांभाळतो, आणि घरचं दोन एकर धान खाण्यापुरतंच होतं. चार वर्षं माझ्या हातात माझा म्हणून पैसा नसणार, हे मलाही कळत होतं. तरी मला थांबायचं होतं. पण एक शंका छळत होती: हे शहाणपण आहे, की मावशीच्या वाट्याला आलं त्याची मी स्वतःलाच शिक्षा करून घेते आहे? म्हणून तिच्याकडे गेले.

ती दारात तूर निवडत बसली होती. मी आडपडदा न ठेवता म्हटलं, "मावशी, मी तुझं नुकसान केलं."

"केलं," ती म्हणाली. सुपातला एक खडा वेचून तिने बाहेर फेकला. "पन माईत असतं तरी मी तेव्हाच घेतली असती. गुडघे कुठं होते माह्यापाशी? खाल्लं काय असतं?"

मला हायसं वाटणार, तेवढ्यात ती पुढे बोलली, "पन मंग इतकी वर्सं वाट तरी पाहिली नसती, बाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मग मी माझी अडचण सांगितली. तिने माझ्या पायांकडे बघितलं.

"गुडघे कसे हायेत?"

"चांगले आहेत."

"मंग? दुसऱ्याच्या दातानं धान पाहून राहिली का?"

घरी येऊन मी फॉर्म घडी करून ट्रंकेत ठेवला. मुलाला फोन करून सांगितलं, अठ्ठावन्नपर्यंत थांबते. तोवर करशील काय, त्याने विचारलं. म्हटलं, धानाच्या रोवणीला जाईन. तो हसला. मी हसले नाही.

आणि गेले. घरची रोवणी आटोपली की दुसऱ्यांच्या शेतांतल्या बांध्यांत, मजुरीने. इतकी वर्षं खुर्चीवर बसलेली बाई चिखलात उतरली म्हटल्यावर गावाला तमाशाच झाला. "बाई, पऱ्हं हाय ते, पेन नाही," माझ्या हातातल्या रोपांकडे बघून एक जण ओरडली. पहिल्या दिवशी माझी ओळ वाकडीतिकडी आली आणि कंबर रात्रभर ठणकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी धुऱ्याशी, शेताच्या कडेला बसून पाय धुतले आणि हात न टेकता उठले. त्या घटकेला चार वर्षं मला फार वाटली नाहीत.

रोवणाऱ्या बायांच्या त्याच टोळीत आमच्या मिलच्या पटांगणातली एक बाई होती. पन्नाशी झाली होती, दम्यामुळे मिलचं धुळीचं काम सुटलं होतं. ती पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढत म्हणाली, "बाई, माहा पेन्शनचा कागद भरून द्या."

"आधी ऐक," मी म्हटलं. "आता घेतली तर कापलेली मिळेल, आणि ती मरेपर्यंत..."

"माईत हाय. मावशी सगळ्या बायांले सांगते."

"काय सांगते?"

ती जरा अडखळली. मग म्हणाली, "बाईलेच विचारजा म्हनते, बाई चांगली हाय. पन कागद आधी मोठ्यानं वाचाले लावजा."

मी हात लुगड्याला पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.