गाडीला मुशीचं तेल

गाडीच्या सस्पेन्शनला मी मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावलं. शुद्धीत होतो, सकाळची वेळ होती, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं.

तेव्हा आम्ही तिघं अबुधाबीत एका खोलीत राहायचो आणि माझ्याच गाडीतून साइटवर जायचो. आधीच्या शौकीन मालकाने तिला खालीवर होणारं सस्पेन्शन बसवलं होतं. प्रत्येक चाकामागे स्प्रिंग, तिच्याखाली आटे पाडलेली नळी आणि नळीवर एक रिंग. रिंग वर फिरवली की गाडी उंच व्हायची. साइट सब्ख्यात, म्हणजे समुद्राकाठच्या खारट चिखलात, म्हणून आम्ही ती उंचच ठेवायचो. वर्षाच्या पासिंगला मात्र मूळ उंचीवर आणावी लागे, नाहीतर मुल्किया, मालकाच्या नावाचं गाडीचं नोंदणीपत्र, रिन्यू होत नसे. मुल्किया नाही म्हणजे गाडी बंद, आणि तिघांच्या ड्युटीची बोंब.

खोलीतले थोरले चिपळूणकडचे फिटर. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी बजावलं होतं की रोज गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, आटे ब्रशने घासायचे, वाळवून मेणाचा पातळ हात द्यायचा. चिकट काही लावायचं नाही, वाळू बसते. मी मनात म्हटलं, हे मला मीठ शिकवणार? आमच्या घरी तीन पिढ्या होड्या. होडीला मुशीचं तेल चोपडतात आणि लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. लोखंडाचे काय वेगळे लाड! दुबईला देऱ्याच्या धक्क्यावर गलबतवाल्याकडून डबा आणला आणि चारही चाकांत कोपरापर्यंत हात घालून चोपडला.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली लढाई जुंपली. अख्ख्या गल्लीतली मांजरं एकेका चाकासाठी एकमेकांच्या नरडीला लागली होती. एक पिवळा बोका पुढचं उजवं चाक धरून बसला आणि जवळ येईल त्याला फाडू लागला. मडगार्डवर रक्ताचे फराटे उमटायचे. एके सकाळी टायरला अर्धा कान चिकटलेला मिळाला. दादांनी गाडी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून मागच्या सीटवर बसले.

पासिंगच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, रिंगा उतरवायला बसलो. जॅक लावून पुढचं उजवं चाक काढलं. तेल आणि वाळूची चिक्की झाली होती, रिंग कुठे आणि आटे कुठे ते कळेना. चाचपायला हात आत घातला, तर वरच्या कोपऱ्यात बोका मुक्कामाला होता. त्याने माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा फाडला. मी पाना हाणला. बोका निसटला, पाना माझ्याच गुडघ्यावर बसला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. हातोडा आणि छिन्नी घेऊन मी रिंगवर तुटून पडलो. बोक्याचा, गुडघ्याचा, सब्ख्याचा, सगळ्यांचा राग तिच्यावर. दहाव्या घावाला रिंग तडकली. अकराव्याला छिन्नी सटकून ब्रेकच्या पाइपात घुसली आणि तेलाची पिचकारी थेट डोळ्यांत आली. आंधळा होऊन मी लाथ झाडली. ती जॅकला बसली.

त्याच क्षणी कोणीतरी माझी कॉलर धरून मागे खेचलं, आणि माझं डोकं होतं तिथे गाडी धाडकन आदळली.

खेचणारे दादा होते. त्यांनी आधी मला उभा केला, डोकं चाचपून पाहिलं, आणि मग सणसणीत कानाखाली वाजवली. अजून ती कधीकधी ऐकू येते. ब्रेकची चकती वाकली होती, पाइप फुटला होता. उद्याचं पासिंग खलास. उद्यापासून तिघांना पहाटे साइटवर जायला दुसऱ्या कंपनीच्या लेबर बसवाल्याचे पाय धरावे लागणार होते.

हाताला फडकं गुंडाळत मी विचारलं, आता मुल्कियाचं काय करायचं.  दादा खाली बघत होते. पिवळा बोका परत आला होता. पडलेल्या गाडीभोवती त्याने एक फेरी मारली, फट बघितली, अंग चोरलं आणि अलगद आत सरकला.

"त्याच्या नावावर कर," दादा म्हणाले. "गाडीखाली शिरताना तो निदान डोकं वापरतो."