मरणाऱ्या बाईमागं आईची झील

दोस्तहो, आज दुपारी साखरा गावी आमच्या घरी अंगणात हळद वाळत होती. सावलीत बसून मी आईला मोबाइलवर ऑपेरा दाखवला. अजून त्याच धुंदीत आहे, म्हणून लिहून राहिले.

आई तरुणपणी जलशात झील धरायची, म्हणजे गायकानं सोडलेली ओळ मागून उचलायची. जलशात माणसं बोलतात, भांडतात, मग गातात. ऑपेरात सगळं गाऊनच. भाषा आम्हा दोघींनाही कळत नव्हती, पण आवाज उन्हासारखा अंगणभर पसरला होता.

शेवटी नायिका मरता मरता एकटीच गात होती.

"जीव चालला तिचा, अन् गाऊन काहून राहिली?" आईनं विचारलं.

"ऑपेरात असंच असतं."

"आपल्यात जाणाऱ्यासाठी बाकीचे गातात. हिचं कोणीच न्हाई का?"

आईनं डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि त्या परदेशी बाईमागं हळूच झील धरली. शब्द नव्हतेच, सूर मात्र बराबर लागला.

संध्याकाळच्या एसटीनं मी हिंगोलीला माझ्या खोलीवर आले. चहा करताना तेच गुणगुणले आणि ओळ संपल्यावर नकळत थांबले.

तुमी ओळ सोडली, तर उचलायला मागं कोण हाय?