शशीकाकांची मोरी

१९७४ साली नॉटिंगहॅमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या घरात डॉक्टर शशी टिपणीसांनी टब सोडून लाकडी जमिनीवर बसून बादली-तांब्याने अंघोळ केली आणि खालच्या किचनचं सीलिंग कोसळलं. तीस वर्षांनी, तिथे राहून गेलेल्या आम्ही सगळ्यांनी मिळून नव्या विद्यार्थ्यांसाठी तिथेच नवं घर बांधायला काढलं. जो तो भिंतीवर स्वतःच्या नावाची पाटी मागत होता. शशीकाका मीटिंगमध्ये डाफरले, "चुलीत घाला ती नावं! पोरांना आधी पाणी वाहून जाणारी मोरी द्या."

मोरी झाली. उद्घाटनाला खाली भाषणं चालू असताना काकांनी वरच्या मोरीत जाऊन बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं, लगबगीने खाली आले, कोरडं सीलिंग न्याहाळलं आणि कडकडून टाळ्या वाजवल्या.

भाषण करणाऱ्याला वाटलं, आपल्यालाच.