हात वर झाला की वाजवायचं

आमच्या घरातल्या ऑर्गनमध्ये मी झारीभर पाणी ओतलं. मुद्दाम नव्हे. ऑर्गनच्या डोक्यावर एक कुंडी असते, कुंडीत एक मरतुकडं रोप असतं, आणि बहिणीकडे जाताना बायको ‘रोपाला पाणी घाला’ एवढंच बजावून गेली होती. ‘बेतानं घाला’ म्हणाली नव्हती. कुंडीच्या बुडाला भोक असतं हे मला पाणी माझ्याच पायावर ठिबकू लागलं तेव्हा कळलं. घाबरून पायानं भाता मारत एक पट्टी दाबली, तर पडसं झालेल्या म्हशीसारखा आवाज निघाला आणि थांबेचना.

ऑर्गन सासूबाईंचा. त्यांनी मुलगी आणि ऑर्गन एकाच टेम्पोतून पाठवले होते, आणि दोघांच्याही वाटेला विचारल्याशिवाय जायचं नाही हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो होतो.

“आता काय करू?” मी फोनवर विचारलं.

“एकसुऱ्यांना बोलवा,” बायको म्हणाली. “आणि ते येईपर्यंत कशाला हात लावू नका. तुमच्या हाताला गुण आहे.”

एकसुरे हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑर्गन, पियानो, अकॉर्डियन, जे म्हणून पट्ट्यांचं वाद्य बिघडेल ते दुरुस्त करणारा आमच्याकडे हा एकच माणूस. पण दुरुस्ती झाली की तो एकेक पट्टी एकेकदा दाबून बघतो आणि उठतो. दोन सूर एकापुढे एक जोडलेले त्याच्या हातून कुणी ऐकले नव्हते. म्हणून पाठीमागे एकसुरे, आणि तोंडावर मास्तर.

मास्तर आले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मागची फळी काढून त्यांनी आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

“पाणी कुणी घातलं?”

“रोपाला घातलं होतं,” मी म्हणालो.

“रोप आत लावलं होतं का?”

भाता भिजला होता, त्याचं कातडं बदलायला हवं होतं, आतली लाकडं वाळायला हवी होती. मास्तर दर दोन-तीन दिवसांनी दुपारचे येऊ लागले. बायको परत आली. ती आणि मास्तर यांचं माझ्याविरुद्ध एकमत व्हायला एक कप चहा पुरला.

शेवटी एकदाचं काम झालं. मास्तरांनी एकेक पट्टी दाबली, कान लावून ऐकली आणि पिशवी उचलली.

“आता एखादं गाणं होऊ द्या की, मास्तर.”

“वाजतंय ते.”

“वाजतंय हो, पण गाणं—”

“गाणं तुमचं तुम्ही वाजवा.”

“मला येत नाही.”

“मग कुंडी ठेवा,” असं म्हणून ते गेले.

काम संपलं तरी चहा चालूच राहिला, आणि चहाबरोबर त्यांचं आयुष्य थोडं थोडं आमच्याकडे आलं. वडील मिशनच्या आवारात माळी. आवारात शाळा, दवाखाना, मुलींचं वसतिगृह आणि मधोमध प्रार्थनामंदिर. मंदिरात ऑर्गन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी माळ्याच्या या पोराला खिडकीशी उभं राहून बोटं हलवताना पाहिलं आणि आत ओढलं. पाय पुरेनात, तर भात्याच्या पायट्यांना लाकडाचे ठोकळे बांधले. पुढे बाई गेल्या आणि ऑर्गन मास्तरांकडे आला. मिशननं शिकवलं, नोकरी दिली, आवारातच खोली दिली. त्यांची बायकोही तिथलीच, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

“तिथं काम सोपं होतं,” मास्तर म्हणाले होते. “उपासना चालवणाऱ्या थोरल्या पाळकांचा हात वर झाला की वाजवायचं. खाली आला की थांबायचं. अजून वर गेला तर जोरात.”

“म्हणजे आमच्या घरातल्यासारखंच,” मी म्हणालो, आणि बायकोनं नुसतं पाहिलं.

मग ते वाजवणं सुटलं कसं, हे विचारलं की मास्तर म्हणत, “बोटं धरली होती.” इतकी वर्षं बारीक पेच फिरवणारी ती बोटं बघून ते कुणाला पटलं नसतं. पण पाहुण्याच्या दुखऱ्या जागी बोट ठेवू नये, एवढं वळण बायकोनं मला लावलं आहे.

एका दुपारी मास्तर पिशवीशिवाय आले. खुर्चीत बसले ते अगदी कडेला.

“वहिनी, चहा नको.”

एवढ्यावरून आम्हांला कळलं की काहीतरी बिनसलंय.

“आज माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक बाई आली होती,” ते म्हणाले. “मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं, मी अमकी. वसतिगृहात होते. आता ती नर्स आहे, तिला मुलगी आहे. एकच विचारलं तिनं. मास्तरकाका, त्या दिवशी तुम्हांला ऐकू आलं होतं का?”

“मग?”

“मी म्हणालो, आठवत नाही.”

 मग खाली बघत त्यांनी सगळं सांगितलं.

मुलींच्या वसतिगृहाचा एक व्यवस्थापक होता. हसतमुख, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. एका मुलीनं त्याच्याबद्दल शाळेच्या मोठ्या बाईंना काहीतरी सांगितलं. काय, ते आवारात कुणी मोठ्यानं बोललं नाही, आणि कळलं मात्र सगळ्यांना. अशा वेळी मिशनची एक रीत होती. पोलीस नाही, बोभाटा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. समेटाची सभा भरवायची. ज्याच्यावर आळ आला त्यानं उभं राहून म्हणायचं, माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. ज्यानं तक्रार केली त्यानं म्हणायचं, मी क्षमा केली. मग गीत, मग चहा-बिस्किटं. पुढच्या महिन्यात त्या माणसाचा सत्कार करून त्याला दुसऱ्या शाखेत पाठवायचं. दोन स्वयंपाकिणींच्या भांडणाला हे औषध उत्तम लागू पडत असे, म्हणून तेच इथंही दिलं.

मुलीकडून वाक्य पाठ करून घेतलं होतं. ती ऑर्गनच्या शेजारी उभी राहिली, कारण पुढे तेवढीच जागा होती. व्यवस्थापकानं त्याचं वाक्य म्हटलं. हिची पाळी आली.

“ती म्हणाली, मी नाही क्षमा केली,” मास्तर म्हणाले. “आणि मग सांगायलाच लागली. बारीक आवाज. मागं ऐकू जात नव्हतं, मला येत होतं. यांनी मला खोलीत बोलावून... आणि थोरल्या पाळकांचा हात वर झाला.”

बायकोनं हातातला पदर घट्ट धरला.

“मी वाजवलं, वहिनी. विचार नाही केला. त्यांचा हात आणि माझे पाय, यांच्यामध्ये माझं डोकं कधी आलंच नव्हतं. वाजलं तशी मंडळी उभी राहिली, गायला लागली. पोरगी बोलतच होती. ओठ हलताना दिसत होते. हात अजून वर गेला. मी सगळे सूर उघडले, होता नव्हता तेवढा आवाज काढला.”

“मग?”

“मग काय! सगळी कडवी वाजवली.”

पुढच्या उपासनेला मास्तर ऑर्गनवर बसले, हात वर झाला, आणि त्यांचे पाय हललेच नाहीत. तेव्हापासून बोटं धरली. मिशननं समजून घेतलं. दुरुस्तीची कामं दिली, खोली राहू दिली. व्यवस्थापक दुसऱ्या शाखेत गेला. तिथंही मुलींचं वसतिगृह होतं, आणि आता तो त्याचा प्रमुख होता.

त्या मुलीनं आता मिशनकडे चौकशी मागितली होती. मिशननं समितीही नेमली होती. पण समितीनं ज्याला ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं: मुलीनं क्षमा केली, मग आम्ही सगळ्यांनी गीत म्हटलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना गीतच आठवत होतं. तिचे शब्द ज्यांनी ऐकले असे तिघेच: व्यवस्थापक, थोरले पाळक आणि मास्तर.

मी लगेच सल्ला द्यायला बसलो. कायदा, धैर्य, समाज, सगळं आलं त्यात. मास्तर ऐकत होते की नाही कोण जाणे. बायकोनं मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, “मास्तर, घरी सांगितलंत?”

घरी सांगणं हाच खरा घाट होता. खोली मिशनची, आणि मास्तरीणबाईंचा त्या आवाराबाहेर कधी एक दिवसही गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तर बाई भांडी घासत होत्या, नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

“हे आता सांगतात मला!” त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. “इतकी वर्षं बोटांना तेल चोळलं मी यांच्या. रोज! आणि बोटं ठणठणीत!”

“अगं, मी तरी काय...”

“तुम्ही गप्प बसा. गप्पच बसत आलात.” त्यांनी पातेलं आपटलं. “त्या पोरीला मी वाढायचे. त्या सभेनंतर ती जेवायची बंद झाली. मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली.”

गळक्या नळाखाली त्यांनी तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

“खोली जाईल,” मास्तर म्हणाले.

“जाऊ दे. नळ तरी कुठं धड आहे इथला!”

समितीपुढे जाताना मास्तरांनी मला बरोबर नेलं. लांब टेबल, वर काच, काचेखाली मिशनच्या शाखांचे फोटो. मधोमध थोरले पाळक, आता फार थकलेले. एका बाजूला मिशनचे वकील, दुसऱ्या बाजूला मुख्य कचेरीतून आलेल्या एक बाई. ती नर्स भिंतीशी एका खुर्चीत बसली होती. मास्तर उभ्यानंच बोलले. जे आम्हांला सांगितलं तेच, त्याच शब्दांत. हात कुणाचा वर झाला हेही सांगितलं. थोरले पाळक टेबलाच्या काचेकडे बघत होते.

“तुम्ही मोठा धीर केलात, मास्तर,” कचेरीच्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या. “आम्ही यावर प्रार्थनापूर्वक विचार करू.”

“तो आज कुठं आहे?”

“ते आमच्या दुसऱ्या शाखेत आहेत, तुम्हांला ठाऊकच आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत—”

“तिथं मुली आहेत?”

“मास्तर, हा प्रश्न समितीच्या...”

“आहेत का?”

वकील पंख्याकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, “आहेत.”

“मग आधी त्याला तिथून उठवा,” मास्तर म्हणाले. “प्रार्थना मागाहून करा.”

बाहेर व्हरांड्यात ती नर्स आमच्या मागोमाग आली.

“मी इथून थेट पोलिसांकडे जाणार आहे,” ती म्हणाली. “तुम्ही याल?”

“येतो, बाळ.”

थोडं चालल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत वाजवत होतात.”

“हो.”

“मला वाटत होतं, तुम्ही थांबाल.”

मास्तरांनी आवाराचं फाटक उघडून धरलं. मी एकही सल्ला दिला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यातलं आश्चर्य समजेल.

पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले. व्यवस्थापकाला त्या वसतिगृहातून नेलं, तेव्हा तिथल्याही मुली बोलू लागल्या. आधी एक, मग आणखी काही. मिशननं झाल्या प्रकाराबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि मास्तरांना खोली रिकामी करायला सांगितलं. कारण दिलं, डागडुजी करायची आहे.

“डागडुजी!” मास्तरीणबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं नळ गळत होता तेव्हा कुठं गेली होती यांची डागडुजी?”

नवी खोली एका बेकरीच्या वर मिळाली. सामान हलवायला मी गेलो, म्हणजे बायकोनं पाठवलं, काचेच्या वस्तूंना हात लावायचा नाही या अटीवर. दुपारपर्यंत सगळं वर चढलं. बाई खाली पाव आणायला गेल्या. मास्तर जमिनीवर बसून पलंगाचे पेच आवळत होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी शेजारी बसलो.

“मास्तर,” मी म्हणालो, “किती लावून घ्याल मनाला? तुमच्या जागी कुणीही वाजवलंच असतं. आणि उशिरा का होईना, तुम्ही बोललात. शेवटी सगळं ठीक झालं ना?”

मास्तरांनी मान वर केली नाही.

“हे मधल्या वर्षांतल्या मुलींना सांगा.”